बारीक चरे

‘ओरखडा’ आणि ‘चरा’ हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. गाडीच्या रंगाशी उन्हात वाकून पाहू लागले, की त्यांच्यातला भेद कोशापेक्षा अधिक स्पष्ट होतो. ओरखड्यामागे घटना असते: कोणाची दुचाकी घासलेली असते, फाटकाची कडी लागलेली असते. चऱ्यांमागे घटना नसते, सवय असते. रोजच्या पुसण्यातून, महिनोन्‌महिने, कोणाच्याही लक्षात न येता ते उमटत राहतात. आणि एके दिवशी कलत्या उन्हात बॉनेटवर कोळ्याचे जाळे विणलेले दिसते. इंग्रजीत त्यांना ‘स्वर्ल’, म्हणजे भोवरे म्हणतात. मराठीने अजून त्यांची दखल घेतलेली दिसत नाही.

गंमत अशी, की ती वर्तुळे गाडीवर नसतातच. चरे सर्व दिशांनी धावत असतात, बहुतेक सरळच. पण प्रकाशाच्या वाटेला आडवे पडलेले तेवढेच आपल्या डोळ्यांकडे चमकतात. म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कडी पडल्यासारखी वाटतात. आपण दोन पावले सरकलो, की कडीही सरकतात. (समीक्षेच्या तासाला वाचकाचे स्थान शिकवताना हा दाखला मी आता न चुकता देते. मुले खिडकीतून स्टाफच्या गाड्यांकडे पाहू लागतात, तो भाग वेगळा.)

आमची व्हेरिटो 2012 ची, गडद निळी. सातपूरच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे अस्सल नाशिककर. गडद रंगावर चरे अधिक उठून दिसतात. माझा एक जुना विद्यार्थी, बी. ए. ला मराठी विशेष घेतलेला, आता अंबडला गाड्यांच्या ‘डिटेलिंग’चा व्यवसाय करतो. दिवाळीच्या सुट्टीत चार दुपारी मी त्याच्याकडे हे काम शिकायला गेले. “मॅडम, मशीनला हात नंतर लावायचा,” तो पहिल्या दिवशी म्हणाला. “आधी नखानं बघा. नख अडकलं तर तो आपला विषय नाही.”

मला वाटत होते, पॉलिश म्हणजे कल्हईसारखे काहीतरी. जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये लहानपणी पाहिलेली भांडी डोळ्यांपुढे होती: कथिलाचा हात फिरतो, नवा थर बसतो, भांडे उजळते. येथे प्रकार अगदी उलटा. रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. डोक्याच्या केसाहूनही पातळ. चरे या थरात असतात. ते भरून निघत नाहीत; त्यांच्या आजूबाजूची जमीनच घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. खड्डा नाहीसा होतो, कारण काठ उरत नाही. प्रत्येक वेळी थोडा थर जातो आणि तो परत येत नाही. गॅरेजमध्ये ‘रबिंग’ करून आणलेली गाडी चार धुण्यांनंतर पुन्हा जाळीदार का दिसते, तेही तेव्हा कळले. पुष्कळदा चरे काढलेलेच नसतात. तेलकट लेपाने ते बुजवलेले असतात आणि लेप धुतला गेला की वर येतात.

म्हणून कामाची रीत संथ आहे. गाडी नीट धुवायची, रुतलेली घाण खास चिकणमातीच्या गोळ्याने उचलून घ्यायची, कडांना आणि रबरांना कागदी पट्टी लावायची. मग दीड-दोन फुटांचा एकच चौकोन निवडून सर्वांत मऊ फोम आणि सर्वांत सौम्य पॉलिश त्यावर वापरून पाहायचे. फिरता फिरता डगडगणारे यंत्र नवशिक्यासाठी बरे. एकाच अक्षाभोवती गरगरणारे यंत्र क्षणात रंग तापवते. यंत्र जवळजवळ स्वतःच्या वजनाने चालू द्यायचे. आधी आडवे, मग उभे, निम्म्या पट्ट्यावर निम्मा पट्टा घेत. मग स्पिरिटने पुसून दिव्याखाली पाहायचे, म्हणजे तेलकटपणाने झाकलेले उघडे पडते. भागले तर थांबायचे. नाही भागले, तरच एक पायरी वर.

हे ‘भागले’ ठरवणे मला सर्वांत कठीण गेले. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; पुढे राजवाड्यांनी 1909 मध्ये त्याआधीची म्हणून वेगळी प्रत छापली आणि वाद पेटला. शुद्ध करताना काय गेले, हा प्रश्न पाठचिकित्सेत तरी दुसऱ्या पोथीकडे नेता येतो. येथे दुसरी पोथी नाही.

पण खरा पेच यंत्रापाशी नव्हता. आमच्या सोसायटीत एक काका रोज पहाटे अठरा गाड्या पुसतात. दोन बादल्या पाणी, एक फडके. सध्या 2027 च्या सिंहस्थासाठी जागोजागी रस्ते खोदलेले आहेत. ती धूळ म्हणजे काळ्या पाषाणाचा आणि वाळूचा भुगा, गाडीवरच्या थरापेक्षा कितीतरी कठीण. पहिल्या गाडीची धूळ त्या फडक्यातून दुसरीवर जाते. काकांचा हात अतिशय मनापासून चालतो, आणि जितक्या मनापासून तो चालतो तितके चरे पडतात.

हे त्यांना कसे सांगायचे? मी दोन धुतलेली फडकी आणि एक जादा बादली त्यांच्यापुढे ठेवून म्हटले, “काका, आमची गाडी रोज नको. बुधवारी आणि रविवारी भरपूर पाण्यानं धुवा, एरवी फक्त काचा. पैसे तेवढेच.” ते बराच वेळ बादलीकडे पाहत राहिले. “दुसरं कोणी ठेवलंय का, मॅडम?” काम कमी आणि पैसे तेवढेच, याचा त्यांना ठाऊक असलेला अर्थ तो एकच होता. चऱ्यांचे सांगायला मी बॉनेटपाशी नेले, तर म्हणाले, “जुनी गाडीये, होणारच.”

महिन्याभरात शेजारच्या तिघांनी माझीच पद्धत उचलली. फक्त पैसे निम्मे करून. दोन दिवसांच्या कामाला महिन्याचा पगार कशाला, हा त्यांचा हिशेब मला कागदावर खोडता येत नाही, आणि पटतही नाही. काका मला काही बोलले नाहीत. येत्या रविवारच्या सभेत मी दर ठरवून घेण्याचा विषय मांडणार आहे; सचिवांनी तो ‘इतर विषय’ या सदरात सर्वांत शेवटी टाकला आहे. बॉनेटची डावी बाजू अजून व्हायची आहे.