शीर म्हणजे नेमकी कोणती?

सातारा-सांगलीकडे रक्त वाहते तीही शीर, मुंग्या येतात तीही शीर आणि बोट ओढते तीही शीरच. खरे तर पहिली रक्तवाहिनी, दुसरी मज्जातंतू आणि तिसरी स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी.

ऊसतोडीत कोयता मनगटावर बसलेले रुग्ण येतात. जखमेत हळद भरलेली (सांगलीचीच, दुसरी कुठली!). "डॉक्टर, शीर तुटली का ओ?" नातेवाईक विचारतात, कारण रक्त दिसते. ते दाबून धरल्यावर बहुधा थांबते. मी आधी बोटे वाकवायला सांगतो, मग टोकांना कापूस लावून पाहतो. बोट वाकत नसेल तर रज्जू तुटलेली असू शकते. बधिर असेल तर मज्जातंतू.

वरची कातडी ही अभिस्तर ऊती, भराभर वाढणारी. दहा-बारा दिवसांत जुळते आणि सगळे बरे झाल्यासारखे वाटते. आत तुटलेली रज्जू मात्र आखडून वर सरकलेली असते, ती आपोआप जुळत नाही. मज्जातंतू तर जोडल्यानंतरही दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने सहज जातात.

म्हणून हळद न भरता स्वच्छ कापडाने दाबून, हात उंच धरून त्याच दिवशी या. आणि बोट वाकत नाही की बधिर आहे, तेवढे आल्याआल्या सांगा.