आईचा मिसळणाचा डबा

ही गोष्ट सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

१९९८ची दिवाळी. मी नववीत होतो. पै-पै साठवून बाबांनी घरी कॉम्प्युटर आणला. आत इंटेलचा 'सेलेरॉन ३००ए' प्रोसेसर. शेजारच्या मित्राकडे 'पेन्टियम २' होता. वेग दोन्हींचा सारखाच, ३०० मेगाहर्ट्झ. पण तो म्हणाला, "तुझी कॅश १२८ केबी. माझी ५१२!"

झालं! घरी येऊन मी फणकारलो, "बाबा, स्वस्तातलाच आणलात ना?" बाबा काहीच बोलले नाहीत.

रात्री इंजिनिअरिंगला असलेला आतेभाऊ आला. सगळं ऐकून तो मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"मामी फोडणीला हळद-मोहरी कुठून घेते?"

"मिसळणाच्या डब्यातून."

"आणि दर वेळी वाण्याकडे धावली तर?"

"तेल जळून जाईल!"

"बरोबर. मेमरी म्हणजे वाण्याचं दुकान. कॅश म्हणजे घरातला साठा. पेन्टियम २ची ही ५१२ केबी कॅश वेगळ्या चिपांमध्ये असते आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगानं चालते. म्हणजे फडताळातले मोठे डबे! तुझी १२८ केबी प्रोसेसरच्या चिपमध्येच आहे आणि पूर्ण वेगानं चालते. हा मिसळणाचा डबा!"

"मग सगळ्यांना सारखीच कॅश का देत नाहीत?"

"अरे, कॅशला पैसे पडतात. आणि गिऱ्हाईकं वेगवेगळी. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये किंमत उतरवायला ही कॅश ठेवलीच नव्हती. तो रेंगाळायचा. म्हणून ऑगस्टमध्ये ३००ए आला. मोठमोठ्या सर्व्हरसाठी 'झिऑन' असतो. त्याची कॅश ५१२ केबीपासून पुढं, तीही पूर्ण वेगाची, आणि किंमतही तशीच दांडगी! लग्नाच्या आचाऱ्याला पोती लागतात रे. आपल्याला डबा पुरतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही घरी एकच गेम खेळून पाहिला. डोळ्यांना काही फरक जाणवला नाही.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. 'चुकलो' म्हणायला जीभ रेटेना. मी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हटलं, "बाबा, आज पहिला डाव तुमचा."

बाबा हसले. पहिल्याच मिनिटाला आउट झाले, ती गोष्ट निराळी!

आजही एकाच कंपनीचे प्रोसेसर कमी-जास्त कॅशचे निघतात. २०२२मध्ये एएमडीनं खास गेम खेळणाऱ्यांसाठी ९६ एमबी कॅशचा प्रोसेसर काढला. असे आकडे वाचले की मला तो डबा आठवतो, आणि बाबांचं ते गप्प बसणंही.