कॅमेऱ्यात मावेल तेवढंच

२००९ साली आमच्या घरी वेबकॅम आला. धाकटा भाऊ दम्मामला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. बीडहून जुना कॉम्प्युटर, मॉनिटरला चिमटीसारखा अडकणारा गोल कॅमेरा आणि हेडफोन असं सगळं आणलं. इंटरनेट होतं, पण भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच बोलणं ठरायचं. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्याची सुट्टी शुक्रवारी. ही सगळी गणितं जुळली की स्काईप सुरू.

पहिली अडचण अम्मीची. आमच्या घरात भिंतीवर कुणाचा फोटो नाही. ही तस्वीरच की, असं तिचं म्हणणं. मौलाना म्हणाले, उलेमांमध्ये यावर दोन मतं आहेत, पण समोरचा माणूस आत्ता दिसतो तेवढाच दिसत असेल तर ते आरशासारखं समजा. तसं हजच्या पासपोर्टलाही फोटो लागतोच, तिथे कुणी अडत नाही. अम्मीने ओढणी नीट केली आणि खुर्चीवर बसली. "दुबला हो गया रे," एवढं बोलून मग नुसती बघत राहिली.

भाऊ दर वेळी एका पांढऱ्या भिंतीसमोर बसलेला दिसायचा. शर्ट इस्त्रीचा. अम्मीला वाटायचं, लेकाला चांगली खोली मिळाली. तो रजेवर आला तेव्हा मला कळलं की त्या खोलीत सहा पलंग होते आणि मोकळी भिंत तेवढी एकच. तो बोलायला बसला की बाकीचे समोरच्या पलंगांवर पाय वर घेऊन गप्प बसायचे. कुणाचा कॉल असला की हा पाच जणांत जाऊन गप्प.

इकडे आम्हीही काही कमी नव्हतो. पोपडे धरलेली भिंत मागे येऊ नये म्हणून टेबल फिरवलेलं. अब्बांना लकवा झाला तेव्हा ते भावाला सांगायचं नाही असं घरात ठरलं. पासपोर्ट कफीलकडे आणि त्याच्या मर्जीशिवाय एक्झिट मिळत नव्हती. (हा नियम सौदीने सैल केला तो मार्च २०२१ मध्ये.) सांगून तो तिथे नुसता तळमळणार. म्हणून अब्बांचा उजवा हात शालीखाली ठेवला, आवाज जड येतो तर सर्दीचं कारण दिलं. पाचएक मिनिटं बोलणं झालं, अब्बांनी सलाम केला आणि आम्ही कॅमेरा बंद केला.

रात्री भावाचा मेसेज आला. भाई, अब्बांनी डाव्या हाताने सलाम का केला?

त्याला तेव्हाच समजलं होतं. अम्मी बाजूला आहे म्हणून तो हसत बोलत राहिला. पुढे दोन वर्षं दोन्हीकडच्यांना सगळं माहीत होतं आणि शाल तशीच होती.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. ते दम्मामचं दृश्य मला हल्ली आमच्या नारायणगडाच्या परिसरात दिसतं. दसरा झाला, गडावरची गर्दी ओसरली की ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथे कारखाना असेल तिथे पाच-सहा महिने. शाळेतली पोरं आजी-आजोबांजवळ, जेवण हंगामी वसतिगृहात.

मागच्या हंगामात पाचवीतली एक मुलगी मराठीची वही दाखवायला माझ्याकडे आली, आजी सोबत. तिच्या आईला माझ्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नुसता चेहरा, इतका जवळ की कपाळही अर्धं कापलेलं. मागे काळोख.

"आई, कोपी दाव ना."

"अंधार हाय गं. उद्या दावते. जेवलीस का?"

मुलीने उत्तर न देता वही उलटून कॅमेऱ्यासमोर धरली. आजीने तेवढ्यात मांडीवरची दवाखान्याची पिशवी पदराखाली सरकवली.