बसून पगार खाणारी ओळ

पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेला पुतण्या दोन दिवस पळसदरीला आला होता. ओटीवर बसून त्याने एका जुन्या प्रोग्रॅममधली ओळ खोडली आणि म्हणाला, "काका, ही नुसती बसून पगार खात होती." पेन्शनरासमोर असं बोलू नये, पण असो.

तर मंडळी, 'कर्ल' नावाची एक लायब्ररी आहे (पुस्तकांची नव्हे!). स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली सुरू केलेली. एका संगणकावरून दुसऱ्यावर माहिती ने-आण करणं हे तिचं काम. ती गुप्तपणे न्यायची तर कुणालाही ओळखता येणार नाही असा आकडा लागतो. संगणक बिचारा नियमाने चालणारा, त्याला मनात येईल तो आकडा सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीला थोडं बी द्यावं लागतं. आमच्याकडे कर्जत-३ भात पेरलं की कर्जत-३च उगवतं. तिथेही बी कळलं की पुढचे सगळे आकडे कळले! ते बी कुठल्या फाइलीत आहे, हे सांगणारी ती ओळ.

मला मटका आठवला. (वर्गात हे उदाहरण दिलं नसतं.) मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लागे. इथल्या कुणाला तो फिरवता येत नसे, हीच त्याची पत. १९६१ मध्ये तो भाव येणं थांबलं आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढणं आलं. मग सगळा भरवसा मडक्यात हात घालणाऱ्यावर!

बी निकस निघालं तर काय होतं, ते २००८ साली दिसलं. डेबियनवाल्यांनी २००६ मध्ये 'ओपनएसएसएल'मधल्या, निरुपयोगी वाटलेल्या ओळी काढल्या होत्या. त्यामुळे एकेका प्रकारच्या किल्ल्या जेमतेम बत्तीस हजारच तयार होऊ शकत. चोराने बसून सगळ्या लावून पाहाव्यात! पुढे जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

आता ऑपरेटिंग सिस्टीमच कळा कधी दाबल्या, डिस्क कधी हलली अशा अनियमित गोष्टींतून बी गोळा करते. २०१६ च्या १.१.० आवृत्तीपासून ओपनएसएसएल ते स्वतःच घेतं. म्हणून कर्लने २०२२ मध्ये, ७.८४.० या आवृत्तीत, फाइलीची सेटिंग निकामी ठरवली. नाव मात्र ठेवलं, जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून. हे मला पटतं. खटकतं ते एवढंच की, फाइल दिली तर चालताना ती मुकाट्याने घेतली जाते. मागच्या बाकावरचा मुलगा मान डोलावतो आणि वहीत काहीच लिहीत नाही, तसं. फाइल जपून ठेवणाऱ्याला वाटतं, आपली सुरक्षा तिच्यावरच उभी आहे.

तुमच्यापैकी कुणाकडे असा जुना प्रोग्रॅम असेल, तर आधी ओपनएसएसएलची आवृत्ती पाहा. ती १.१.० च्या आधीची असेल, तर पहिल्यांदा ती बदला. ओळ मग खोडा.