त्याचा ह्याला चालेल का?

मंडळी, आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "त्याचा ह्याला चालेल का?" त्याचा म्हणजे टॅबचा चार्जर आणि ह्याला म्हणजे फोनला. कधी उलट. कधी लॅपटॉपचा फोनला. घरात माणसं दोन, दोघंही सत्तरी ओलांडलेली, आणि चार्ज करायच्या वस्तू मोजल्या तर सात भरल्या! माझा फोन, ह्यांचा फोन, ह्यांचा पेपर वाचायचा टॅब, माझा लॅपटॉप, ह्यांचं कानाचं मशीन, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि वीज गेल्यावर लागणारा टॉर्च. पावसाळ्यात आमच्या बोळिंजला हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाच्या बाई वेगळ्या होत्या. तेव्हा व्होल्ट आणि अँपिअर वगैरे शब्द आले की आमचं अंग चोरून बसणं ठरलेलं. पण गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला आणि मी हा विषय मुळातून समजून घ्यायचं ठरवलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. वय ८३, एकट्याच. मुलगा नाशिकला. एका रात्री साडेदहाला त्याचा मला फोन. आवाज कापत होता. "मावशी, आई दोन दिवस फोन उचलत नाहीये, बंद लागतोय. जरा वर जाऊन बघता का?" मी आणि हे तसेच वर गेलो. जिना चढताना मनात नाही नाही ते विचार. बेल वाजवली तर काकूंनी दार उघडलं, ठणठणीत! फोन मात्र बंद होता. चार्जर बिघडलेला. घरात दुसरे दोन चार्जर पडलेले होते, दोन्ही त्या फोनला बसणारे. पण "दुसरा लावलास तर बॅटरी फुटेल" असं नातवानं कधीतरी बजावलं होतं, म्हणून बाईंनी दोन दिवस हात लावला नाही. मुलाला कळवायचं कसं, तर नंबर त्या बंद फोनमध्ये!

आपण ह्यावर हसू शकतो. मला हसू आलं नाही. आमच्या वयाच्या माणसांना फोन ही चैन राहिलेली नाही. बँकेचा ओटीपी त्यावर, डॉक्टरांचा नंबर त्यावर, मुलांचा चेहरा त्यावर. तो बंद पडला की माणूस घरात असून हरवतं.

आता हा घोळ झाला कसा? थोडा इतिहास सांगते, माझा विषयच तो. आमच्या खणात अजून जुने चार्जर आहेत. नोकियाची जाड पिन, मग नोकियाचीच बारीक पिन. सोनी एरिक्सनची चपटी, रुंद. कोणाच्या घरी गेलं की चहाच्या आधी "बारीक पिनचा आहे का हो?" असं विचारायचे ते दिवस आठवतात ना? प्रत्येक कंपनीचा सवतासुभा. फोन बदलला की चार्जर कचऱ्यात. २००९ साली युरोपात मोठ्या मोबाइल कंपन्यांनी मिळून मायक्रो यूएसबीवर एकमत केलं. (ती एकाच बाजूने जाणारी छोटी पिन, अंधारात हमखास उलटी लागायची ती.) ॲपलने २०१२ मध्ये स्वतःची लायटनिंग नावाची पिन काढली. २०१४ मध्ये टाइप-सी आली. ही कशीही लावा, सुलट-उलट सारखीच. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांवर उपकारच म्हणायचे.

पुढे युरोपीय संघाने कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनला आणि टॅबला टाइप-सी सक्तीची झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. ॲपलनेही त्याआधीच, २०२३ च्या आयफोन १५ पासून, लायटनिंग सोडून टाइप-सी घेतली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं.

म्हणजे प्रश्न सुटला? मला माझं लहानपण आठवतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी शाळेत नुकतीच जाऊ लागले होते. रुपयाचे १०० नवे पैसे, हिशेब सोपा. पण जुने आणे लगेच गेले नाहीत. चार आण्यांचे २५ नवे पैसे बरोबर, पण एका आण्याचे ६, दोनाचे १२ आणि तिनाचे १९! एकेक आणा चार वेळा मोडला तर एक पैसा कुठे गेला, ह्यावर वाण्याच्या दुकानात भांडणं व्हायची. नवं मानक आलं तरी जुनं आणि नवं काही वर्षं एकाच गल्ल्यात नांदतं, आणि गोंधळ त्याच काळात जास्त होतो. चार्जरचं सध्या तेच चाललंय. त्यात आता बऱ्याच फोनच्या खोक्यात चार्जर येतच नाही. ॲपलने २०२० मध्ये ती प्रथा सुरू केली, मग इतरांनी उचलली. म्हणजे कोणता लावायचा हे आता आपणच ठरवायचं.

ह्या गोंधळातून मला बाहेर काढलं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. आगाशीच्या रस्त्याला त्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा, आता डोळ्याला भिंग लावून तांदळाएवढे भाग जोडतो. मी विचारलं, "अरे, माझ्या लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा. तो फोनला लावला तर फोन जळेल ना?"

"नाही बाई. चार्जर वीज ढकलत नाही, फोन मागून घेतो."

मग त्याने समजावलं ते असं. टाइप-सीची वायर लावली की आधी दोघांची ओळख होते. समोर कोणी आहे हे कळल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. सुरुवात ५ व्होल्टने. मग चार्जर सांगतो, माझ्याकडे ५ आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे. फोन त्यातलं आपल्याला झेपेल ते मागतो. लॅपटॉप बहुधा २० मागतो. ह्या बोलण्याच्या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी म्हणतात. चार्जरवर बारीक अक्षरात 'आउटपुट' म्हणून जी रांग छापलेली असते ती म्हणजे त्याची यादी. २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं असेल तर गुणाकार करा, ६५ वॅट. पाढे पाठ असलेल्यांना अवघड नाही!

अँपिअरचं म्हणाल तर गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी हजार लिटरची असो की पाच हजारांची, तुम्ही नळाखाली एकच बादली लावली तर एकच बादली भरणार. चार्जरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. मोठा असला तर बिघडत नाही. लहान असला तर वेळ लागेल. म्हणून फोनचा छोटा चार्जर लॅपटॉपला लावला तर लॅपटॉप एक तर नाही म्हणतो, नाही तर इतका हळू भरतो की वापरता वापरता उतरतच राहतो. मोडत मात्र काही नाही. वनप्लस, ओप्पो अशा काही कंपन्यांची जलद चार्जिंगची स्वतःची पद्धत असते. त्यांना परका चार्जर लावला की ते भरतात, पण सावकाश.

वायरचंही तसंच. सगळ्या टाइप-सी वायरी दिसायला जुळ्या बहिणी, पण साधी वायर ३ अँपिअरपर्यंतच. ५ अँपिअर न्यायला वायरीत एक छोटी चिप असावी लागते. आणि आमच्या टॉर्चचं कोडंही सुटलं. तो दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरीवर भरतच नव्हता. ह्यांचं मत, टॉर्च गेला. विद्यार्थी म्हणाला, "स्वस्तातल्या वस्तूंमध्ये ओळख देणारा भागच बसवलेला नसतो. चार्जर विचारतो, हा उत्तर देत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरवर लावा." लावला. पेटला!

"मग भीती कशाची बाळगायची?" मी विचारलं. तेव्हा त्याने खणातून दोन वस्तू काढल्या.

पहिली, गोल पिनेचा ॲडॉप्टर. वायफायच्या डब्याचा, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा, जुन्या लॅपटॉपचा. इथे ओळख नाही, बोलणं नाही. वर जेवढे व्होल्ट छापलेत तेवढे सरळ आत. पिन तर एकाची दुसऱ्यात बसते! १२ व्होल्टचा ॲडॉप्टर ५ व्होल्टच्या वस्तूला लावला की ती वस्तू संपली. जुन्या लॅपटॉपचा तर १९ व्होल्टचा असतो. इथे व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळायला हवा, पिनेचं धन-ऋण जुळायला हवं आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत.

दुसरी वस्तू, उघडलेला एक निनावी चार्जर, स्वस्तातला. भिंतीतून येतात २३० व्होल्ट, फोनकडे जातात ५. दोघांच्या मध्ये जी भिंत हवी ती त्यात जवळजवळ नव्हतीच. "बाई, लोक ब्रँडेड लॅपटॉपचा चार्जर लावायला घाबरतात आणि हा रात्रभर उशाशी ठेवून झोपतात," तो म्हणाला.

काकूंचंही तेच झालं होतं. भीती होती, पण नको त्या वस्तूची.

तर ओळखायचं कसं? आपल्याकडे चार्जरला मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर ब्युरोच्या खुणेसोबत इंग्रजी 'आर' आणि पुढे आठ आकडे असतात. 'बीआयएस केअर' हे ॲप मोबाइलवर घेऊन त्यात तो नंबर टाकला की कोणत्या कंपनीचा ते कळतं. मी भिंग घेऊन घरातले सगळे चार्जर तपासले. तिघांवर नंबरच नव्हता. ते विद्यार्थ्याच्या दुकानातल्या भंगाराच्या डब्यात गेले. बाकीच्यांवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात वॅट लिहिले, आणि गोल पिनवाल्यांवर लाल शाईने ज्याचं त्याचं नाव. काकूंकडेही एक दुपार बसून हेच केलं. शिवाय मुलाचा आणि आमचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावला. तो कागद चार्ज करावा लागत नाही!

परवा जिन्यात भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, काल टॅबचा लावला फोनला. काही झालं नाही." चेहऱ्यावर पहिल्यांदा सायकल चालवलेल्या मुलीसारखा आनंद होता.

असो, फारच लांबलं. तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे की घरातल्या म्हाताऱ्यांना नुसतं "हा लावू नको" म्हणून निघून जाऊ नका. कोणता चालेल, का चालेल आणि कोणता खरोखरच धोक्याचा, हे एकदा बसून दाखवा. आम्हाला समजतं, हळू सांगितलं तर.

आणि दिवाळीला बोळिंजला येणाऱ्या समस्त भाचे-पुतण्यांना सूचना: पाच जणांनी पाच चार्जर आणू नयेत. टाइप-सीचा ६५ वॅटचा एक घरात आहे, तो आळीपाळीने सर्वांना पुरेल. वायर मात्र आपापली आणा. आणि जाताना माझी नेऊ नका!