शेवाळाचं औषध आणू नकोस

चि. भाचीस,


तुझ्या टँकचे फोटो पाहिले. दगडांवर हिरवे केस, वाळूवर लालसर साय, आणि खाली तुझा प्रश्न: "मामा, कोणतं औषध आणू?" कोणतंच आणू नकोस. सुरगाण्यासारख्या डोंगरातल्या गावात तू क्लाउन फिशची जोडी जगवलीस, याचं मला फार कौतुक आहे. ती जपायची म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

शेवाळाला उजेडाबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. ते येतं मुख्यतः आपण घातलेल्या खाद्यातून: थोडं माशांच्या विष्ठेतून, थोडं तळाशी कुजणाऱ्या उरल्यासुरल्यातून. तुमच्या तालुक्यातल्या नार-पार नद्यांचं पाणी पश्चिमेला वाहत गुजरातमार्गे अरबी समुद्राला मिळतं. डोंगरावरचा गाळ, पालापाचोळा सगळं त्याच्याबरोबर जातं. काचेच्या पेटीतून मात्र काहीच वाहून जात नाही. जे आत गेलं ते आपणच बाहेर काढायचं.

टेस्ट किटमध्ये फॉस्फेट शून्य दिसतंय म्हणून तू गोंधळली आहेस. पाण्यातलं फॉस्फेट शेवाळाने आधीच खाल्लंय, म्हणून ते किटला सापडत नाही. औषधाने शेवाळ मेलं तर तेच फॉस्फेट परत पाण्यात उतरेल. शिवाय कुजणारं शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि रात्री मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात.

तेव्हा हाताने काढ. केसाळलेला दगड टँकमधल्याच पाण्याच्या बादलीत घे, जुन्या टूथब्रशने घास, त्याच पाण्यात खळबळून परत ठेव. बादलीतलं पाणी फेकून दे. टँकमध्येच घासलंस तर तुटलेले धागे नव्या जागी रुजू शकतात. लाल साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया, खरं शेवाळ नव्हे. दुपारी तिच्यावर बुडबुडे धरतात आणि कडेने उचलली की चादरीसारखी सुटते. बारीक नळीने ती ओढून घे. जिथे पाणी साचून राहतं तिथे ती जास्त धरते, म्हणून पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळव.

काचेवरची तपकिरी पूड डायटमची. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, आणि आपल्या बेसॉल्टच्या खडकातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात सिलिका असते. बोअरचं पाणी थेट वापरू नकोस. आरओनंतर डीआय रेझिनमधून गाळलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी घे. लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ घालून दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदल. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी मात्र गोड्याच पाण्याने भर, कारण मीठ उडून जात नाही.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोठवलेलं असेल तर वितळवून त्याचं पाणी टाकून दे. दिवा आठ तासच, आणि खिडकीचं ऊन टँकवर येऊ देऊ नकोस. फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा कप भरायची वाट न पाहता धुवत जा.

दगडांबद्दल एक कळकळीची विनंती. कुणी जिवंत प्रवाळाचा दगड देऊ केला तर घेऊ नकोस. प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. काही शंखांनाही आहे, त्यामुळे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी घेतानाही जात विचारून घे. आणि टँकमधलं काहीही नदीत किंवा समुद्रात सोडू नकोस. 1984 साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात 'कौलर्पा टॅक्सिफोलिया' या शोभेच्या शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा ठिपका दिसला होता. पुढे त्याने भूमध्य समुद्राच्या तळाचे मोठाले पट्टे व्यापले. काढलेलं शेवाळ उन्हात वाळवून टाक.

शून्य नायट्रेटचा हट्ट मात्र धरू नकोस. पाणी अगदी उपाशी ठेवलं की डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा चिकट थर येऊ शकतो, तो शेवाळाहून चिवट. काचेवर थोडी हिरवट झाक असू दे. दर आठवड्याला घासणं, ओढणं, पाणी बदलणं चालू ठेव. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतील. एवढा वेळ त्या माशांना दे.

तुझा,
मामा