मुखपृष्ठावरचे हात

नववीच्या मुलींनी शाळेच्या हस्तलिखिताचा पॉप संगीत विशेषांक ठरवला. मुखपृष्ठाचा फोटो बीटीएससारखा हवा! सांगलीहून जवळ म्हणून मी मिरजेची सतारमेकर गल्ली सुचवली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालंय. म्हटलं, सतारीच्या भोपळ्यांशेजारी गिटार शोभेल. कपडे, वेळ, कॅमेरा, सगळी यादी झाली.

आदल्या दिवशी गिटारवाल्या मुलीची अम्मी आली. "सर, बजाने दो, पर चेहरा नक्को." बाकीच्या मुली हिरमुसल्या. मी अम्मीला समजावू लागलो. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "सर, हातांचाच फोटो काढा ना. वाजवतात तर तेच."

अम्मी हसली. मी गप्प झालो. यादीत सगळं होतं. त्या पोरीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.